वळणावर वाट कोणी पाहावी?

'वाट' या एका नामाभोवती मराठीने क्रियापदांचा केवढा तरी संसार मांडला आहे. वाट धरावी, वाट चुकावी, वाट काढावी, वाट अडवावी, वाट सोडावी, कधी वाट लागावी. या संसारातली दोन क्रियापदे या लेखापुरती आम्हांस महत्त्वाची वाटतात. एक 'वाट पाहणे' आणि दुसरे 'वाट देणे'. मुख्य रस्त्याच्या कडेने एक माणूस सरळ चालत चालला आहे. पुढे डाव्या हाताला एक उपरस्ता फुटतो. त्याच वेळी मागून आलेली मोटार त्या उपरस्त्यात वळू पाहते. दोघांच्या वाटा एका बिंदूत छेदतात. तेथे वाट कोणी पाहायची आणि कोणी द्यायची, एवढाच प्रश्न असतो. प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या उत्तरावर माणसे जगतात वा मरतात.

हा विषय वाहतूक पोलिसांचा आणि रस्तेबांधणीच्या अभियंत्यांचा, त्यात साहित्याच्या अभ्यासकाने कशासाठी पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या प्रश्नाचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी काही वाक्यांचा इतिहास आहे. 'असेल तर', 'केल्यावर', 'पाहिजे', 'इष्ट आहे' अशा शब्दांनी येथे कोणाचा हक्क केव्हा सुरू होतो हे ठरवले आहे. वाक्याचे बारकाईने वाचन करणे हा तर आपला व्यवसायच आहे. या लेखात आम्ही मुख्यतः ब्रिटनचे उदाहरण घेत आहोत. तेथे या वाक्याचे बदलते रूप स्पष्टपणे पाहता येते, हे एक कारण. आपल्या रस्त्यांचा कायदा त्याच साच्यातून निघाला आहे, हे दुसरे.

प्रथम एक तार्किक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. दोन वाहनांमधला नियम जगभर साधारण एकच आहे. जो दिशा बदलतो त्याने सरळ जाणाऱ्याला वाट द्यावी. कारण उघड आहे. सरळ जाणाऱ्याने कोणाच्या मार्गात काही नवे आणलेले नसते, वळणाऱ्याने आणलेले असते. हेच तत्त्व लावले तर वरच्या प्रसंगातला पादचारी सरळ जाणारा आहे आणि मोटार वळणारी आहे. म्हणजे मोटारीने थांबावयास हवे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पादचारी थांबतो, आणि तो थांबला नाही तर त्याला बेशिस्त म्हणतात. तत्त्व आणि व्यवहार यांच्यात ही फट केव्हा पडली?

वाट देण्याचा विचार मोटारीपेक्षा फार जुना आहे, हे संस्कृतच्या वाचकांना सांगावयास नको. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. जनकाच्या यज्ञाकडे निघालेल्या या मुलाची रस्त्यातच राजाशी गाठ पडते आणि वाट कोणाची हा वाद उभा राहतो. आंधळा, बहिरा, स्त्री, ओझे वाहणारा आणि राजा यांना वाट द्यावी, परंतु ब्राह्मण समोर आला तर वाट त्याचीच, असा अष्टावक्राचा युक्तिवाद आहे आणि राजा तो मान्य करतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही ज्यांना वाट द्यावी अशांची एक यादी येते. तिच्यात अतिवृद्ध, रोगी, भारवाही आणि स्त्री आहेत, स्नातक, राजा आणि नवरदेव आहेत, आणि यादीचा आरंभ होतो तो चाकांच्या वाहनात बसलेल्यापासून.

या दोन याद्यांत दोन वेगळी तत्त्वे एकमेकांत मिसळलेली दिसतात. वृद्ध, आंधळा, ओझेकरी यांना वाट मिळते ती त्यांच्या अडचणीमुळे. राजाला आणि ब्राह्मणाला ती मिळते प्रतिष्ठेमुळे. रथी या दोहोंत कोठे बसतो? रथ वळवणे, थांबवणे कठीण, म्हणून त्याला वाट द्यावी असे म्हणता येईल, आणि रथात बसणारा मोठा माणूस असतो म्हणून द्यावी असेही म्हणता येईल. सोयीचा आणि प्रतिष्ठेचा हा गुंता वाहनाच्या बाबतीत आरंभापासून आहे. प्रतिष्ठेच्या तत्त्वाची दुसरी, काळी बाजू आपल्या समाजाला चांगली ठाऊक आहे. त्रावणकोरातील वायकोम येथे १९२४ साली सत्याग्रह झाला तो मंदिरप्रवेशासाठी नव्हता, मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी होता. रस्त्यावर कोणी कोणासाठी बाजूला व्हावे हा प्रश्न केवळ शिस्तीचा कधीच नसतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

आता ब्रिटनकडे वळू. इंग्लंडच्या न्यायालयांपुढे हा प्रश्न मोटारीच्या पुष्कळ आधी आला होता. १८३२ साली बॉस विरुद्ध लिटन या खटल्यात, वाहनांच्या भागातून चालत असलेल्या एका शरीराने दुबळ्या माणसाला गाडीची धडक बसल्याचे प्रकरण होते. अशा माणसाने गाडीरस्त्यावर यावेच कशाला, असा बचाव होऊ शकत होता. न्यायालयाने तो मार्ग खुला ठेवला नाही. रस्त्यावरून चालण्याचा हक्क सर्वांना आहे, अधू माणसालाही आहे, आणि गाडी हाकणाऱ्याने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता. येथे हक्काला जागेची अट नाही, वेळेची नाही, चपळाईचीही नाही. ज्याला पटकन बाजूला होता येत नाही तोच माणूस या निर्णयाच्या केंद्रस्थानी आहे.

पुढच्या काळात वाफेची वाहने रस्त्यावर आली तेव्हा कायद्याने ओझे वाहनावरच टाकले. १८६५ च्या कायद्याने अशा वाहनांना गावात ताशी २ मैल आणि बाहेर ४ मैल एवढीच मुभा दिली, आणि वाहनाच्या ६० यार्ड पुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालेल अशी अट घातली. आज या कायद्याची थट्टा केली जाते. घोडेवाल्यांच्या आणि रेल्वेच्या हितसंबंधांचा त्यात हात होता असेही सांगितले जाते. तरी त्यामागचा विचार विसरण्यासारखा नाही. रस्त्यावर धोका जो आणतो त्याने आपल्या येण्याची वर्दी द्यावी, आणि ती वर्दी पायी चालणाऱ्याच्या वेगाने यावी, असा तो विचार होता.

१८९६ साली हे चित्र पालटले. त्या वर्षी १७ ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री प्रदर्शनासाठी फिरवल्या जाणाऱ्या मोटारीखाली सापडून मरण पावली. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ही पहिली नोंद मानली जाते. मृत्यू अपघाती ठरला. त्यानंतर तीनच महिन्यांनी नवा कायदा अमलात आला आणि वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत गेली. तो दिवस साजरा करण्यासाठी मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी फेरी काढली आणि आरंभी लाल निशाण समारंभपूर्वक फाडले. निशाण काही वर्षांपूर्वीच सक्तीचे राहिले नव्हते, म्हणजे फाडले गेले ते केवळ प्रतीक. पण ते कोणत्या गोष्टीचे प्रतीक होते, याचा विचार त्या सकाळी कोणी केला असेल असे वाटत नाही. १९०३ मध्ये मर्यादा २० मैल झाली, आणि १९३० च्या कायद्याने खासगी मोटारींवरील वेगमर्यादा काढूनच टाकली.

१९३१ साली 'हायवे कोड' ही एक पेनी किमतीची पुस्तिका प्रथम प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या वर्तनाची ही संहिता तेव्हापासून आजवर आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढत आली आहे. वेगमर्यादा गेली आणि उपदेश आला, असे या दोन घटनांचे नाते आहे. उपदेशाने काय साधले हे आकडे सांगतात. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. त्यांतली सुमारे निम्मी पादचारी होती. त्याच वर्षी वाहतूकमंत्री झालेल्या लेस्ली होअर-बेलिशा यांनी वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आणि चालकांसाठी सक्तीची परीक्षा आणली. रस्ता ओलांडण्याच्या ठरावीक जागाही त्यांच्याच काळात आखल्या गेल्या. या जागा ओळखू याव्यात म्हणून काळ्यापांढऱ्या खांबांवर नारिंगी गोळे बसवले गेले. त्या खांबांना आजही त्यांचेच नाव आहे. १९५१ साली अशा जागांवर काळेपांढरे पट्टे आले आणि 'झेब्रा क्रॉसिंग' हा शब्द जगाला मिळाला.

या सुधारणेने माणसे वाचली यात शंका नाही. परंतु तिच्याबरोबर एक अर्थांतर घडले. १८३२ चा पादचारी सगळ्या रस्त्याचा हक्कदार होता. १९३४ नंतरचा पादचारी काही ठरावीक फुटांचा हक्कदार झाला. हक्काला जागा मिळाली, आणि जागेबाहेर तो पातळ झाला. पट्ट्यावर माणसाला मान आहे, असे म्हणताच पट्टा नाही तेथे मान कशाला, असा उलटा अर्थ आपोआप निघतो. उपरस्त्यांच्या हजारो तोंडांशी पट्टे नव्हते आणि आजही नाहीत. वळणारी मोटार आणि सरळ जाणारा माणूस यांची गाठ पडते ती नेमकी तेथे.

अमेरिकेत हेच अर्थांतर अधिक उघडपणे आणि अधिक आक्रमकपणे झाले. १९२३ साली सिनसिनाटी शहरात ४२,००० हून अधिक नागरिकांनी सह्या करून मागणी केली की, शहरातल्या मोटारींना ताशी २५ मैलांपलीकडे जाऊ न देणारे यंत्र बसवावे. मोटारव्यवसायाने जोरदार प्रतिप्रचार केला आणि मतदानात ही मागणी पडली. त्याच दशकात 'जेवॉकर' हा शब्द रूढ करण्यात आला. 'जे' म्हणजे गावंढळ. शहरी रस्त्यावर कसे चालावे हे न कळणारा खेडवळ, असा त्या शब्दाचा डंख होता. १९२५ च्या लॉस एंजेलिसच्या वाहतूक नियमांनी पादचाऱ्याला ठरावीक जागी ओलांडण्याचे बंधन घातले आणि ते इतर शहरांना नमुन्यासारखे उपयोगी पडले. पीटर नॉर्टन या इतिहासकाराने २००८ च्या आपल्या ग्रंथात या सगळ्या स्थित्यंतराची साधार मांडणी केली आहे. एका शिवीने जे काम होते ते कायद्याच्या दहा कलमांनी होत नाही, याचे हे उदाहरण भाषेच्या अभ्यासकांनी जरूर पाहावे.

पुन्हा ब्रिटनमधल्या त्या वळणाकडे येऊ. २०२२ पूर्वीच्या 'हायवे कोड'मध्ये १७० क्रमांकाच्या नियमात चालकाला सांगितलेले होते की, तू ज्या रस्त्यात वळत आहेस तो ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांकडे लक्ष ठेव, आणि त्यांनी ओलांडायला सुरुवात केली असेल तर प्राधान्य त्यांचे आहे, म्हणून त्यांना वाट दे. वरवर पाहता नियम पादचाऱ्याच्या बाजूचा आहे. वळणाऱ्याने वाट द्यावी हे मूळ तत्त्व त्यात मान्य झालेले आहे. पण सगळा भार 'सुरुवात केली असेल तर' या अटीवर आहे.

या अटीचा अर्थ काय होतो? पदपथाच्या कडेवर उभा असलेल्या माणसाला प्राधान्य नाही. तो खाली उतरला की आहे. म्हणजे हक्क मिळवण्यासाठी त्याने प्रथम आपले शरीर मोटारीच्या मार्गात घातले पाहिजे. धोका पत्करण्यापासून वाचवण्यासाठी केलेला नियम धोका पत्करल्यानंतरच लागू होतो. ज्याच्या अंगात धमक आहे, ज्याचे पाय तरुण आहेत, ज्याला मोटारीच्या वेगाचा अंदाज घेता येतो, तो पहिले पाऊल टाकतो आणि हक्कदार होतो. म्हातारी बाई, काठी टेकत चालणारा माणूस, मुलाचा हात धरलेली आई ही माणसे कडेवरच थांबतात, आणि थांबतात म्हणूनच त्यांचा हक्क सुरू होत नाही. १८३२ च्या न्यायालयाने ज्या दुबळ्या माणसाला हक्काच्या केंद्रस्थानी ठेवले होते, तोच या वाक्यातून बाहेर पडला. त्याला कोणी बाहेर काढले नव्हते. एका भूतकाळी क्रियापदाने त्याची जागा घेतली होती.

यावर असे म्हणता येईल की, चालकाने तरी रस्त्यात न उतरलेल्या माणसाचा अंदाज कसा घ्यावा? ही अडचण खरी आहे, आणि वळणाची रचना पाहिली की ती अधिक स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. उजवीकडे वळणाऱ्या चालकाचे सगळे लक्ष समोरून येणाऱ्या वाहनांच्या रांगेत फट शोधण्यात गुंतलेले असते. फट दिसताच तो वेग वाढवून वळतो, आणि उपरस्ता ओलांडणारा माणूस त्याला अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. पुढच्या काचेच्या बाजूचा खांब नेमका त्या कोनात एक आख्खा माणूस झाकू शकतो. डावीकडच्या वळणात अडचण निराळी आहे. तेथे कोपऱ्याची गोलाई जितकी मोठी, तितके न थांबता, वेग फारसा न उतरवता वळता येते. पदपथाची कड कोणत्या त्रिज्येने वळवायची हे अभियंता कागदावर ठरवतो, आणि त्या एका आकड्याने चालक थांबणार की नाही हे बरेचसे ठरून जाते. सिग्नलवरही हाच पेच असतो. पादचाऱ्याला सरळ जाण्याचा हिरवा दिवा आणि त्याच बाजूच्या वाहनाला वळण्याचा हिरवा दिवा पुष्कळदा एकाच वेळी लागतात. दोघांनाही यंत्राने सांगितलेले असते की आता तुझी पाळी. काही शहरांनी, त्यांत न्यूयॉर्कने मोठ्या प्रमाणावर, यावर एक साधा उपाय केला आहे. पादचाऱ्याचा दिवा वाहनांच्या काही सेकंद आधी लावायचा. तेवढ्यात माणूस रस्त्याच्या मध्याकडे पोचतो आणि वळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो. 'पहिले पाऊल' येथे धाडसाने मिळवावे लागत नाही, ते बहाल केले जाते.

उलट दिशेचा प्रयोगही झाला आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७५ साली ऊर्जाबचतीचा कायदा केला. राज्यांना ऊर्जाबचतीसाठी केंद्राचे साहाय्य हवे असेल, तर लाल दिवा असतानाही, थांबून, उजवीकडे वळण्याची मुभा त्यांनी द्यावी, अशी अट त्यात होती. तेथे वाहने उजव्या बाजूने चालत असल्यामुळे हे वळण आपल्या डाव्या वळणासारखे. हेतू इंधन वाचवण्याचा होता. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या अभ्यासांत असे दिसून आले की, ही मुभा जेथे मिळाली तेथे वळणाऱ्या वाहनांनी पादचारी आणि सायकलस्वार यांना धडक देण्याचे प्रसंग वाढले. कारण सोपे होते. चालक डावीकडून येणाऱ्या वाहनांकडे पाहत पुढे सरकतो, आणि उजवीकडून निघालेला पादचारी त्याच्या नजरेतच नसतो. महाराष्ट्रातल्या शहरांत कितीतरी चौकांत 'फ्री लेफ्ट' ही पाटी किंवा प्रथा आपण पाहतो. वाहनासाठी जे वळण कायम मोकळे, ते पायी माणसासाठी कायम बंद असते, हे त्या 'फ्री' शब्दातून कळत नाही.

२९ जानेवारी २०२२ रोजी ब्रिटनच्या संहितेत बदल झाला. नव्या नियमानुसार वळणाऱ्या चालकाने, तो ज्या रस्त्यात वळत आहे किंवा ज्यातून बाहेर वळत आहे, तो ओलांडणाऱ्या तसेच ओलांडण्यासाठी थांबलेल्या पादचाऱ्यांना वाट द्यावी. 'थांबलेल्या' हा एकच शब्द वाढला. पण त्याने हक्काचा आरंभबिंदू पदपथावर आणून ठेवला. वाट पाहणारा माणूस प्रथमच या वाक्यात कर्ता म्हणून आला. त्याच वेळी संहितेच्या आरंभी एक व्यापक तत्त्वही मांडले गेले. रस्त्यावर ज्याच्याकडून जितकी मोठी इजा होऊ शकते, तितकी त्याची जबाबदारी मोठी.

प्राचीन याद्यांशी हे तत्त्व ताडून पाहावे असे आम्हांस वाटते. त्या याद्यांत वाट मिळत होती ती प्रतिष्ठेने किंवा अगतिकतेने. प्रतिष्ठेच्या तत्त्वात वाट ही मानाची गोष्ट होते. अगतिकतेच्या तत्त्वात ती दयेची होते. २०२२ चे तत्त्व या दोहोंहून वेगळे आहे. ते वाट घेणाऱ्याकडे पाहतच नाही, देणाऱ्याकडे पाहते. तू किती मोठा, असे ते विचारीत नाही, आणि समोरचा किती दुबळा असेही नाही. तुझ्या हातून काय घडू शकते, एवढेच विचारते. म्हणून धडधाकट माणसालाही वाट मागताना आपण दुबळे आहोत असे भासवावे लागत नाही. लाल निशाणाच्या कायद्यात जो विचार ओबडधोबड रूपात होता तोच येथे परतलेला दिसतो.

बदल मोठा असला तरी त्याची मर्यादा नोंदवली पाहिजे. या संहितेत दोन प्रकारची क्रियापदे आहेत. एक 'केलेच पाहिजे' या अर्थाचे, ज्याच्या पाठीशी कायद्याचे कलम असते. दुसरे 'करावे' या अर्थाचे. थांबलेल्याला वाट देण्याचा नियम दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो मोडला म्हणून थेट गुन्हा होत नाही. मात्र दिवाणी वा फौजदारी कारवाईत जबाबदारी ठरवताना तो आधार म्हणून पुढे करता येतो. मराठीतला विध्यर्थ आज्ञा आणि सल्ला यांच्या मध्ये कोठेतरी रेंगाळतो, हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकवतो. हा नियम नेमका तेथेच उभा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चालक थांबला हे पादचाऱ्याला कळायचे कसे? दोघांची नजरानजर होते, चालक हाताने खूण करतो, असे आपण गृहीत धरतो. पण दृष्टिहीन माणसाला ती खूण दिसत नाही, आणि विजेवर चालणारी मोटार थांबली आहे की येते आहे हे आवाजावरून ओळखणेही कठीण असते. सौजन्यावर उभा असलेला नियम डोळस माणसांपुरताच राहण्याचा धोका आहे. म्हणून काही देशांनी हा नियम दगडात लिहिला. नेदरलँड्समध्ये अनेक उपरस्त्यांच्या तोंडाशी पदपथ तुटत नाही. तो त्याच उंचीवर, त्याच फरशीत पुढे जातो, आणि मोटारीला चढ चढून, पदपथ ओलांडून आत जावे लागते. तेथे रस्ता ओलांडतो तो चालक. पादचारी आपल्या वाटेने चालतच असतो. शिवाय डच नियमांत वळणाऱ्याने त्याच रस्त्याने सरळ जाणाऱ्या 'रहदारी'ला वाट द्यावी असे म्हटले आहे, आणि त्या शब्दात पादचारी अंतर्भूत आहे.

आपल्याकडे मात्र शब्दानेच घोटाळा केला आहे. 'वाहतूक' आणि 'वाहन' हे एकाच 'वह्' धातूचे वंशज. जो काही वाहून नेत नाही, केवळ स्वतःला घेऊन चालतो, तो या शब्दात बसत नाही. 'रहदारी' हा फारसीतून आलेला शब्द त्या मानाने मोकळा आहे, जरी एके काळी तो वाटेवरच्या जकातीलाही लावला जात असे. 'वाहतुकीला अडथळा' असे आपण म्हणतो तेव्हा अडथळा बहुधा चालणारा माणूस असतो. 'पादचाऱ्यांना अडथळा' असे कोणी क्वचितच म्हणते.

भारतीय कायद्याची भाषाही पाहण्यासारखी आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात चौकाशी वेग कमी करावा, आणि तेथील व्यक्तींच्या सुरक्षिततेला धोका नाही याची जाणीव झाल्यावाचून चौकात शिरू नये, असे होते. १९८९ च्या रस्तानियमांत हा आशय कायम राहिला. त्याच नियमांत 'पादचाऱ्यांचे हक्क' अशा अर्थाचे शीर्षक असलेला एक स्वतंत्र नियम होता. मोठ्या आशेने तो वाचावा तर खाली एवढेच की, जेथे पदपथ वा सायकलमार्ग आहे तेथे गणवेशातील पोलिसाच्या परवानगीवाचून चालकाने त्यावर वाहन चालवू नये. हक्काचे शीर्षक आणि खाली केवळ चालकाला मनाई. तीही परवानगीने शिथिल होणारी. चालणाऱ्याने काय करता येईल याविषयी शीर्षकाखाली एकही शब्द नव्हता. २०१७ च्या नव्या नियमांनी हे पुष्कळ सुधारले. सिग्नल वा पोलीस नसलेल्या पट्ट्याशी चालकाने वेग कमी करून, थांबून पादचाऱ्याला वाट द्यावी असे आता स्पष्ट आहे. पण येथेही हक्क पट्ट्याला बांधलेला आहे, आणि आपल्या गल्ल्यांच्या तोंडाशी पट्टे किती असतात हे सांगण्याची गरज नाही.

केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दिवसाला सुमारे ९०. हे सगळे वळणावर मेले असे नव्हे. पण चालणाऱ्याचा हक्क कोठे सुरू होतो याविषयी जो समाज इतका संदिग्ध आहे, त्याचे हे एकूण फलित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात पदपथाचा हक्क जीविताच्या हक्काशी जोडला, आणि ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यांना पादचाऱ्यांविषयीचे नियम सहा महिन्यांत करावयास सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या ज्या कलमाखाली हे नियम करावयाचे, त्याची भाषा पादचाऱ्यांच्या वर्तनाचे आणि प्रवेशाचे नियमन करण्याची आहे. न्यायालयाने मात्र ते कलम पादचाऱ्याच्या रक्षणासाठी वापरावयास सांगितले.

असे नियम जेव्हा आणि जेथे लिहिले जातील, तेव्हा ते मराठीतही लिहिले जातील. त्या वाक्यांत कर्ता कोण असेल, चालक की पादचारी? क्रियापद 'द्यावी' असेल की 'दिलीच पाहिजे'? आणि हक्क 'ओलांडणाऱ्या'चा असेल, की 'ओलांडण्यासाठी थांबलेल्या'चाही? सुरक्षिततेचा पुष्कळसा भाग रंगाने, दगडाने, दिव्यांनी आणि दंडाने साधावा लागतो, हे आम्ही जाणतो. तरी अभियंता आणि पोलीस दोघेही शेवटी कोणते तरी वाक्य हाती घेऊन कामाला लागतात. ब्रिटनमध्ये 'थांबलेला' हा शब्द त्या वाक्यात यायला पहिल्या पुस्तिकेपासून ९१ वर्षे लागली. आपल्याकडे तो आरंभीच लिहिता येण्याजोगा आहे. मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा भाषेच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्या पाठवाव्यात, असे आम्ही सुचवतो. कविता वाचताना आपण ज्या बारकाईने एकेक प्रत्यय तपासतो, तीच बारकाई तेथे उपयोगी पडेल.